अमेरिकेचा आरोग्यविमा: तळमजल्यावाल्यांनी लिफ्टचे पैसे का भरायचे?

१ ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेच्या केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झालं आणि ते पूर्ववत व्हायला १२ नोव्हेंबर उजाडला. तब्बल ४३ दिवस. त्या देशातला तोवरचा सर्वांत लांबलेला शटडाउन. एअर ट्रॅफिक कंट्रोलर बिनपगारी ड्युटीवर येत होते, लाखो सरकारी कर्मचारी घरी बसून होते. डेमोक्रॅटिक पक्षाची मुख्य मागणी होती, आरोग्यविम्याच्या हप्त्यावर मिळणाऱ्या वाढीव सबसिडीची मुदत वाढवा. रिपब्लिकन म्हणत होते, आधी सरकार सुरू होऊ द्या, मग बोलू. शेवटी सरकार सुरू झालं आणि सबसिडी मात्र ३१ डिसेंबरला संपली.

हे भांडण नवं नाही. २०१० पासून अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची अशी एकही निवडणूक झाली नाही, जिच्यात ‘ओबामाकेअर’, म्हणजे ओबामांनी आणलेला आरोग्यविम्याचा कायदा, हा विषय निघाला नाही. कधी ते मोडून काढण्याच्या घोषणेने, कधी ते वाचवण्याच्या. मोडायला निघालेल्यांकडे राष्ट्राध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहं असतानाही ते मोडलं नाही, आणि वाचवणाऱ्यांना ते कधी पक्कं करता आलं नाही. असं का, हे कळायला पक्षांची भाषणं बाजूला ठेवून आधी विम्याचं गणित पाहावं लागतं.

## विमा येतो कुठून?

अमेरिकेत आरोग्याची एकच एक व्यवस्था नाही, चार वेगवेगळे दरवाजे आहेत. पहिला नोकरीचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढीवर बंधनं आणली. मग कंपन्यांनी माणसं टिकवायला पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली. पुढे १९५४ च्या करकायद्याने या विम्यावर कर नाही हे पक्कं केलं आणि ती तात्पुरती सोय कायमची झाली. आज साधारण निम्मी अमेरिका याच दरवाजातून आत येते. २०२५ मध्ये अशा कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २६,९९३ डॉलर होता. त्यातले ६,८५० कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जात, बाकी कंपनी भरे.

दुसरा दरवाजा मेडिकेअर, म्हणजे ६५ च्या पुढच्यांसाठी केंद्र सरकारचा विमा. तिसरा मेडिकेड, गरिबांसाठी केंद्र आणि राज्यं मिळून चालवतात तो. दोन्ही १९६५ चे, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळातले.

उरले ते चौथ्या दरवाजावाले: शेतकरी, टॅक्सी चालवणारे, सलूनवाले, छोटे दुकानदार, फ्रीलान्सर, अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी सुटलेले. यांनी स्वतःचा विमा स्वतः विकत घ्यायचा. पंधरा वर्षांचं भांडण मुख्यतः या चौथ्या दरवाजाचं आणि तिसऱ्याच्या रुंदीचं आहे. नोकरीवाल्या निम्म्या लोकांना त्याची झळ फारशी लागत नाही.

## लिफ्टचा हिशेब

सात मजली सोसायटी आहे. तळमजल्यावाले म्हणतात, आम्ही लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही, मेंटेनन्स का भरू? कमिटीने त्यांना सोडलं. खर्च तेवढाच राहिला, भरणारे कमी झाले, वर्गणी वाढली. आता पहिल्या मजल्यावाले म्हणतात, एवढ्या पैशात आम्ही जिने चढू. तेही बाहेर. दरवर्षी एकेक मजला गळतो आणि शेवटी सातव्या मजल्यावरचे चार म्हातारे उरतात. लिफ्टचा पूर्ण खर्च त्यांच्या डोक्यावर. तो त्यांना झेपत नाही आणि लिफ्ट बंद पडते.

आरोग्यविम्यात नेमकं हेच होतं. अमेरिकेत कुठल्याही एका वर्षात सर्वांत जास्त खर्च होणारे ५ टक्के लोक एकूण खर्चापैकी जवळजवळ निम्मा खर्च करतात, आणि सर्वांत कमी खर्चाचे ५० टक्के लोक जेमतेम ३ टक्के. आजारी थोडे, पण महाग. त्यांचं बिल कुणीतरी भरायचं आहे. फरक एवढाच, की सोसायटीत आपण कुठल्या मजल्यावर राहतो हे आपल्याला माहीत असतं. विम्यात आजचा तळमजल्यावाला उद्या सकाळच्या एमआरआयनंतर सातव्या मजल्यावर गेलेला असतो.

मग पैसे भरायचे कुणी? उत्तरं तीनच. आजाऱ्याने स्वतः, निरोग्यांनी जादा हप्ता देऊन, किंवा करदात्याने. २०१० पूर्वी चौथ्या दरवाजाचं उत्तर पहिलं होतं. विमा कंपनी अर्जाबरोबर आजारांचा इतिहास मागे. मधुमेह, जुना कर्करोग, कधीकधी नुसतं गरोदर असणंसुद्धा नकाराला पुरेसं होई. तेव्हा ३५ राज्यांनी अशा नाकारलेल्यांसाठी वेगळे ‘हाय रिस्क पूल’ उघडले होते. पण सगळे आजारी एकत्र केले की हप्ता भडकतो आणि राज्यांनी त्यात पुरेसे पैसे कधी ओतले नाहीत. काही ठिकाणी दारात प्रतीक्षायादी लागली.

## २०१० च्या कायद्याने काय केलं?

२३ मार्च २०१० ला बराक ओबामांनी सही केलेला अफोर्डेबल केअर ॲक्ट तिसरं आणि दुसरं उत्तर एकत्र करतो. विमा कंपनीने कुणालाही नाकारायचं नाही, आणि आजार पाहून हप्ता ठरवायचा नाही. वय पाहायला परवानगी आहे, पण म्हाताऱ्याला तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त लावायचं नाही. तंबाखू ओढणाऱ्याला दीडपट लावता येतं. बाई-पुरुष फरक बंद. त्या बदल्यात प्रत्येकाने विमा घ्यायचाच. नाही घेतला तर दंड, जो पुढे ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, यांतला जो जास्त असेल तो झाला. आणि ज्यांना हप्ता झेपत नाही त्यांना सरकार सबसिडी देईल. तिन्ही अटी एकमेकींवर उभ्या. नकारबंदी केली आणि सक्ती केली नाही, तर माणूस आजारी पडल्यावरच विमा घ्यायला येईल, म्हणजे लिफ्टचा किस्सा पुन्हा. सक्ती केली आणि मदत दिली नाही, तर गरिबाला दंडच.

शिवाय मुलांना वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू दिलं. वैयक्तिक विम्याच्या कंपनीने हप्त्यांतले किमान ८० टक्के उपचारांवर खर्च करायचे, नाहीतर ग्राहकांना परत द्यायचे, असाही नियम आला. याचा उल्लेख भाषणांत क्वचितच होतो.

२०१० मध्ये दर सहा अमेरिकनांत साधारण एक बिनविम्याचा होता. २०२३ पर्यंत ते प्रमाण निम्म्यावर, ८ टक्क्यांच्या आसपास आलं. खर्च मात्र आटोक्यात आला नाही. २०२३ मध्ये देशाचा एकूण आरोग्यखर्च ४.९ लाख कोटी डॉलर होता, राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून जास्त. हा कायदा बिल कुणी भरायचं ते ठरवतो, बिल किती यावं याला तो फारसा हात घालत नाही. दोन्ही पक्षांच्या चाहत्यांना हे सांगायला आवडत नाही.

## मूळ कल्पना कुणाची?

सक्तीच्या विम्याची कल्पना १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारसंस्थेने मांडली होती. १९९३ मध्ये क्लिंटन यांच्या योजनेला पर्याय म्हणून सिनेटर जॉन चाफी यांच्यासह काही रिपब्लिकनांनी तीच विधेयकात आणली. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी आपल्या राज्यात ती लागू केली. त्यांचा युक्तिवाद होता, विमा न घेणारा धडधाकट माणूस अपघात झाला की इमर्जन्सीत येतो आणि त्याचं बिल इतरांच्या माथी बसतं, तर त्याने आपली जबाबदारी घ्यावी. हा सरळ उजवा युक्तिवाद आहे.

ओबामांनी तोच ढाचा उचलल्यावर मात्र शेवटच्या मतदानात एकाही रिपब्लिकनाने बाजूने मत दिलं नाही. प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२. आणि २०१२ मध्ये ओबामांविरुद्ध उभे राहिले खुद्द रॉम्नी, ओबामाकेअर रद्द करण्याचं आश्वासन देत! राज्याने केलेलं ठीक, केंद्राने लादलेलं चूक, असा त्यांचा बचाव होता. त्याला अमेरिकी संघराज्याच्या परंपरेत आधार आहे, पण प्रचारसभेत तो पटवणं अवघड गेलं.

## कोर्टाने एक वीट काढली

जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सक्ती कायम ठेवली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले, हा दंड म्हणजे कर आहे आणि कर लावायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, आहे. पण त्याच निकालात मेडिकेड वाढवणं, म्हणजे ते सगळ्याच गरीब प्रौढांना खुलं करणं, राज्यांच्या मर्जीवर सोडलं.

या दुसऱ्या भागाने जो घोळ झाला तो आजही जिवंत आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी धरलं होतं की दारिद्र्यरेषेखालचे सगळे मेडिकेडमध्ये जातील, म्हणून चौथ्या दरवाजाच्या बाजारातली सबसिडी त्यांनी दारिद्र्यरेषेच्या वरून सुरू केली. दहा राज्यांनी अजूनही मेडिकेड वाढवलेलं नाही. टेक्सस, फ्लोरिडा आणि जॉर्जिया त्यांतली मोठी. आता २०२६ चं उदाहरण पाहू. त्यासाठी एकट्या माणसाची रेषा १५,६५० डॉलरची आहे. टेक्ससमध्ये मूलबाळ नसलेल्या धडधाकट माणसाने वर्षाला १६,००० मिळवले, तर त्याला मध्यम दर्जाचा विमा वर्षाला साधारण ३३६ डॉलरमध्ये मिळतो. त्याने १४,००० च मिळवले तर त्याला मेडिकेडही नाही आणि सबसिडीही नाही. जास्त गरीब म्हणून हात रिकामे.

## राष्ट्राध्यक्षाच्या हातात काय असतं?

कायदा रद्द करणं काँग्रेसचं काम. पण स्क्रू सैल-घट्ट करणं राष्ट्राध्यक्षाचं. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत नावनोंदणीचा काळ ४५ दिवसांवर आला, जाहिरातींचं बजेट १० कोटी डॉलरवरून १ कोटीवर आलं, आणि आजार पाहून नाकारता येणारे ‘शॉर्ट टर्म’ विमे ३६४ दिवसांपर्यंत विकायला परवानगी मिळाली. बायडेन यांनी २०२४ मध्ये ते चार महिन्यांवर आणले.

यातला सर्वांत मजेदार स्क्रू ऑक्टोबर २०१७ चा. बाजारातले विमे धातूंच्या नावाने ओळखले जातात. ब्रॉन्झ विमा सरासरी ६० टक्के खर्च उचलतो, सिल्व्हर ७०, गोल्ड ८०. तुमची सबसिडी ठरते ती तुमच्या भागातल्या दुसऱ्या सर्वांत स्वस्त सिल्व्हर विम्यावरून: त्याचा हप्ता वजा तुमच्या उत्पन्नाचा ठरावीक टक्का. आलेली सबसिडी मात्र कुठल्याही धातूवर वापरता येते. याशिवाय कमी उत्पन्नवाल्यांनी सिल्व्हर घेतला तर कंपनीने त्यांचं डिडक्टिबल कमी करायचं, अशी अट आहे. डिडक्टिबल म्हणजे विमा सुरू होण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम. या सवलतीची भरपाई सरकार कंपन्यांना देई.

ट्रम्प यांनी ही भरपाई बंद केली. काँग्रेसने तिच्यासाठी पैसे मंजूर केलेलेच नव्हते, हा त्यांचा कायदेशीर मुद्दा बिनतोड होता. अपेक्षा अशी, की कंपन्या पळून जातील आणि बाजार कोसळेल. कंपन्यांनी काय केलं? सवलतीचा सगळा बोजा फक्त सिल्व्हरच्या हप्त्यावर टाकला. सिल्व्हर महागला, त्यामुळे सबसिडी वाढली. वाढलेली सबसिडी घेऊन लोक ब्रॉन्झकडे गेले तर तो फुकट पडू लागला. काही भागांत गोल्ड सिल्व्हरहून स्वस्त झाला. सरकारचा एकूण खर्च उलट वाढला. हिशेबातली एक कडी ओढली की दुसरी कुठून तरी वर येते, आणि जो ओढतो त्याला बऱ्याचदा ती कुठून येईल याचा पत्ता नसतो.

## साठ मतांचा अडसर

सिनेटमध्ये १०० जागा. साधं विधेयक अडवलं गेलं तर ते पुढे रेटायला ६० मतं लागतात. ओबामांकडे २००९ च्या नाताळात नेमकी ६० होती. जानेवारीत मॅसॅच्युसेट्सची पोटनिवडणूक हरल्यावर ५९ राहिली. अशा वेळी एक पळवाट असते, ‘रिकन्सिलिएशन’: फक्त जमाखर्चाशी संबंधित तरतुदी साध्या बहुमताने मंजूर करता येतात. म्हणून या विषयावरचं नंतरचं जवळजवळ प्रत्येक मोठं पाऊल त्याच बोळातून गेलं.

जुलै २०१७ मध्ये रिपब्लिकनांचा कायदा मोडण्याचा प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ ने पडला. पहाटेच्या सुमारास जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली केला तोच क्षण. त्यांच्याबरोबर सुसान कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की याही रिपब्लिकनच. त्याच डिसेंबरच्या करकायद्यात मात्र न-विम्याचा दंड शून्य करण्यात आला, २०१९ पासून. सक्ती कागदावर राहिली, धाक गेला.

आता इथे लिफ्ट बंद पडायला हवी होती, पण पडली नाही. कारण सबसिडी उत्पन्नाच्या टक्क्याला बांधलेली आहे. हप्ता कितीही वाढला तरी तुमचा वाटा तेवढाच राहतो, वाढ सरकारच्या अंगावर जाते. निरोगी माणसाला आत ठेवण्याचं काम दंडाने केलं नाही, पैशाने केलं. म्हणूनच सबसिडी हा भांडणाचा गाभा झाला.

२०२१ मध्ये कोविडच्या मदतकायद्यात डेमोक्रॅटांनी ती वाढवली. कुणीही उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून जास्त भरायचं नाही, अगदी खालच्यांना हप्ता शून्य. २०२२ मध्ये मुदत २०२५ अखेरपर्यंत नेली. कायमची का नाही केली? रिकन्सिलिएशनमध्ये दहा वर्षांचा खर्च मोजून दाखवावा लागतो. थोडी वर्षं धरली की आकडा लहान दिसतो. शिवाय २०२५ म्हणजे २०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपलीकडची तारीख. आपणच जिंकू, मग पाहू, असा तो जुगार होता आणि तो हरला. रिपब्लिकनांची तऱ्हा वेगळी नाही. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यात मेडिकेडवाल्या अनेक प्रौढांना महिन्याला ८० तास काम दाखवण्याची अट आहे. ती लागू व्हायची १ जानेवारी २०२७ पर्यंत, म्हणजे नोव्हेंबर २०२६ ची मधली निवडणूक उरकल्यावर. लाभ आज आणि चटका मतदानानंतर, हे गणित दोघांनाही येतं.

## ६२,६०० डॉलरची कडा

१ जानेवारी २०२६ पासून जुने नियम परत आले. मूळ कायद्यात दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापर्यंतच सबसिडी होती. एकट्या माणसासाठी ती मर्यादा ६२,६०० डॉलर.

साठ वर्षांचा माणूस घेऊ. त्याच्या भागातला सिल्व्हर विमा समजा महिना १,३०० डॉलर, वर्षाला १५,६००. या वयाला हा आकडा मुळीच अवास्तव नाही. उत्पन्न ६२,००० असेल तर त्याचा वाटा ९.९६ टक्के, म्हणजे साधारण ६,१७५ डॉलर. उत्पन्न ६३,००० झालं की सबसिडी पूर्ण बंद आणि भरायचे १५,६००. हजार डॉलर जास्त मिळवले आणि सव्वानऊ हजारांहून जास्त गेले. २०२५ च्या नियमांनी ६३,००० वाल्याने याच विम्याला ५,३५५ भरले असते.

केएफएफ या अभ्याससंस्थेच्या अंदाजानुसार सबसिडीवाल्यांचा सरासरी वार्षिक वाटा ८८८ डॉलरवरून १,९०४ वर जाणार होता. सगळ्यांत मोठा फटका या कड्यावरच्या ५५ ते ६४ वयाच्या लोकांना. आणि राजकारणाची गंमत पाहा: ज्या रिपब्लिकन राज्यांनी मेडिकेड वाढवलं नाही, तिथलेच लोक नाइलाजाने बाजारात सर्वांत जास्त आले. २०२५ मध्ये एकट्या फ्लोरिडात ४७ लाख, टेक्ससमध्ये जवळपास ४० लाख. जॉर्जियाच्या तेव्हाच्या रिपब्लिकन खासदार मार्जरी टेलर ग्रीन तोवर कट्टर ट्रम्पवादी. शटडाउनमध्ये स्वतःच्या मोठ्या मुलांच्या हप्त्यांचा दाखला देत त्या आपल्याच पक्षावर उखडल्या. जानेवारी २०२६ मध्ये प्रतिनिधिगृहात १७ रिपब्लिकनांनी डेमोक्रॅटांबरोबर तीन वर्षांच्या मुदतवाढीला मत दिलं. सिनेटमध्ये डिसेंबरातच असा प्रस्ताव साठपर्यंत पोचला नव्हता.

## मग रिपब्लिकन चुकीचं बोलतात का?

सगळं नाही. सरकारच्याच अहवालानुसार वैयक्तिक विम्याचा सरासरी मासिक हप्ता २०१३ ते २०१७ मध्ये २३२ वरून ४७६ डॉलर झाला. ज्यांना सबसिडी नव्हती त्या मध्यमवर्गीयांनी तो पूर्ण सोसला. ‘तुमचा विमा आवडत असेल तर तो तुमच्याकडे राहील’ हे ओबामांचं वाक्य खोटं ठरलं, लाखो लोकांना जुने विमे रद्द झाल्याची पत्रं आली. वाढीव सबसिडी कायम केली तर दहा वर्षांत सुमारे ३५ हजार कोटी डॉलर लागतील, हा काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा आकडा आहे. हप्ता शून्य झाल्यावर काही एजंटांनी लोकांच्या नकळत त्यांची नोंदणी केली, कमिशनसाठी. हेही खरं.

कच्चा दुवा त्यांच्या पर्यायात आहे. डिसेंबरमध्ये सिनेट रिपब्लिकनांनी सुचवलं, वाढीव सबसिडी कंपन्यांना देण्याऐवजी लोकांच्या आरोग्य-बचत खात्यात वर्षाला १,००० ते १,५०० डॉलर टाका. ब्रॉन्झ विम्याचं डिडक्टिबल सात हजारांच्या वर असतं. निरोग्याला ही योजना फायद्याची, डायलिसिसवाल्याला तिचा उपयोग जानेवारी संपेपर्यंत. कामाच्या अटीचाही अनुभव गाठीला आहे. आर्कान्सॉने २०१८ मध्ये ती लावली, काही महिन्यांत १८ हजारांवर लोक मेडिकेडबाहेर गेले. त्यांतले बरेच काम करत होते किंवा त्यांना सूट होती, पण ते दर महिन्याला ऑनलाइन नोंदवायचं होतं आणि सुरुवातीला ते पोर्टल रात्री नऊला बंद होई.

## बेकायदा राहणाऱ्यांना फुकट मिळतं का?

कागदपत्रं नसलेल्याला सबसिडी मिळत नाही. सरकारी बाजारातून पूर्ण पैसे देऊनही विमा घेता येत नाही. इमर्जन्सीत मात्र कुणालाही तपासून स्थिर करणं रुग्णालयांना १९८६ च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो कायदा रीगन यांच्या सहीचा. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं स्वतःच्या तिजोरीतून जास्त देतात, तिथून हा गोंधळ सुरू होतो.

## सगळ्यांनाच मेडिकेअर का नाही?

डावे सिनेटर बर्नी सँडर्स हेच मागतात. अडचण करांची. व्हरमाँट राज्याने २०११ मध्ये असा कायदा केला आणि २०१४ मध्ये सोडून दिला, कारण पगारावर साडेअकरा टक्के नवा कर लावावा लागणार होता. तेवढाच पैसा लोक आज हप्त्यांत भरतात, हा प्रतिवाद बरोबर आहे. पण हप्ता कंपनी कापते आणि कर सरकार, यात मतदाराला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो.

## एडिसनपासून ह्यूस्टनपर्यंत: मराठी घरांत हे कुठे अडतं

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचा विमा पहिल्या दरवाजाचा. नोकरी गेली की तो दरवाजा त्याच महिन्यात बंद होऊ शकतो. जुना विमा ‘कोब्रा’ कायद्याखाली १८ महिने चालू ठेवता येतो, पण हप्ता १०२ टक्के: कंपनीचाही वाटा तुम्ही भरायचा, वर दोन टक्के. ते ठरवायला ६० दिवस, बाजारातून नवा विमा घ्यायलाही ६० दिवस, आणि नवी नोकरी शोधून व्हिसा टिकवायलाही साधारण ६० च दिवस. तिन्ही घड्याळं एकदम सुरू होतात, म्हणून विम्याचा निर्णय शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. १ जानेवारी २०२७ पासून मुख्यतः नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांनाच सबसिडी राहणार आहे. एच-१बी वाले तिच्यातून बाहेर पडतील.

आईवडील पर्यटक व्हिसावर सहा महिने येतात तेव्हा त्यांना यांतलं काहीच लागू नाही. त्यांच्यासाठी ‘व्हिजिटर इन्शुरन्स’ असतो आणि जुना मधुमेह, बीपी यांवर तो फक्त अचानक उद्भवलेल्या त्रासापुरता, तोही मर्यादित पैसे देतो. पॉलिसीत ठरावीक रकमेचा तक्ता असेल तर रुग्णालयाच्या बिलापुढे ती रक्कम चिमूटभर ठरते. टक्केवारीने खर्च उचलणारी पॉलिसी महाग असली तरी तीच पाहावी.

ग्रीनकार्ड घेऊन आलेल्या पासष्टीपुढच्यांची अडचण जास्त आहे. मेडिकेअर विकत घ्यायलाच पाच वर्षं सलग राहावं लागतं, आणि अमेरिकेत काम केलेलं नसेल तर २०२६ च्या दराने रुग्णालयाच्या भागाला महिना ५६५ आणि डॉक्टरच्या भागाला २०२.९० डॉलर. मेडिकेडलाही बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची अट. तोवर बाजारातला सबसिडीचा विमा हा मधला आधार होता, आणि पाच वर्षांच्या अटीत अडकलेल्यांना तो दारिद्र्यरेषेखालच्या उत्पन्नावरही मिळे. ती खास सोय १ जानेवारी २०२६ ला संपली. मुलाने आईवडिलांना करात अवलंबित दाखवलं असेल तर मुलाचं उत्पन्न धरलं जातं, हेही लक्षात ठेवावं.

सबसिडी घेणाऱ्या प्रत्येकाने, मराठी असो वा नसो, एक गोष्ट आवर्जून पाहावी. ती अंदाजित उत्पन्नावर आगाऊ मिळते आणि करविवरणात फॉर्म ८९६२ वर तिचा हिशेब होतो. अंदाज चुकला तर कमी उत्पन्नवाल्यांना परतफेडीला मर्यादा होती. २०२६ च्या करवर्षापासून ती काढली आहे. वर घेतलेल्या साठ वर्षांच्या माणसाने ६०,००० चा अंदाज दिला आणि डिसेंबरात एक जादा काम मिळून ६४,००० झाले, तर मिळालेले ९,६२४ डॉलर पूर्ण परत. त्याने एप्रिल २०२७ च्या विवरणतारखेआधी पारंपरिक आयआरए या निवृत्तीखात्यात दीड हजार टाकले, आणि ते वजावटीला पात्र असले, तर उत्पन्न ६२,५०० धरलं जातं आणि तो कड्याच्या आत येतो. मर्यादा ७,५०० ची, पन्नाशीपुढे आणखी १,१००. नोव्हेंबरातच बेरीज करून ठेवली, तर एप्रिलमध्ये किती टाकायचे ते आधी कळतं.